आईचं नाक गेलं, आणि आईच बदलली

प्रश्न डिचोलीच्या एका ताईंचा आहे. त्यांची आई 68 वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी ताप-सर्दी झाली. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. जिच्या हातच्या हुमणासाठी (नारळाच्या वाटणातल्या माशाच्या आमटीसाठी) पाहुणे मुक्काम वाढवायचे, ती आता रांधायचं म्हटलं की टाळाटाळ करते. केलंच तर मीठ जास्त पडतं. दिवसातून तीनदा न्हाते, देवळातल्या उत्सवाला येत नाही, नातवाला जवळ घेत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून चिडते. घरचे म्हणतात, रुसली आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं, सवय करून घ्या. ताई विचारतात: नाकामुळे माणूस एवढं बदलू शकतं का? आणि आता करायचं काय?

बदलू शकतं. फोंड्यात 27 वर्षं कान-नाक-घशाचा दवाखाना चालवतोय. नजर कमी झाली, कान गेले, की घरचे सांभाळून घेतात. वास गेलेल्या माणसाला मात्र घरात कुणी आजारी मानत नाही. बाहेरून दिसत काहीच नाही ना. तेव्हा पहिलं काम हे करा: घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि सांगा की आईचा स्वभाव बिघडलेला नाही, तिला दुखापत झाली आहे. पुढचं वाचून दाखवलंत तरी चालेल.

नाकाच्या अगदी वरच्या भागात, जवळजवळ दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक पातळ पडदा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो पेशी असतात. माणसात या पेशींवरच्या, वास पकडणाऱ्या ग्राहकांचे (रिसेप्टरांचे) सुमारे 400 प्रकार आहेत, आणि एकेक वास म्हणजे त्यांतल्या काहींनी मिळून वाजवलेला सूर. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी 1991 मध्ये या ग्राहकांची जनुकं शोधली, त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. या पेशींचे धागे कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात. तिथून पुढची वाट मात्र इतर इंद्रियांहून वेगळी आहे.

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबतं, तिथे त्याची वर्गवारी होते, मग ते विचार करणाऱ्या मेंदूकडे जातं. वासाला ही चौकी लागत नाही. तो थेट अमिग्डालाच्या अंगणात उतरतो, जिथे भीती, ओढ, किळस यांची घडामोड चालते, आणि आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर पोचतो. चैत्रात कुणी सुरंगीचा वळेसर माळून शेजारून गेलं की आधी घशात काहीतरी दाटून येतं. वास कसला, कुणाची आठवण आली, हे नंतर कळतं. वासाचं नाव पटकन सांगता येत नाही पण त्यानं मन मात्र हलतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

आता चवीकडे येऊ, कारण घरात सगळे म्हणत असतील की आईची चव गेली. बहुधा चव गेलेली नाही. हे तुम्ही आजच घरी करून बघा. फणसाच्या साटाचा छोटा तुकडा घ्या. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि तुकडा चावा. गोड लागेल, किंचित आंबटपणा कळेल, जिभेला चिवटपणा लागेल. फणस कुठेच नसेल. तेच आंबापोळी असती तरी फरक सांगता आला नसता. आता तोंडातला घास तसाच ठेवून नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. एका क्षणात अख्खा फणस तोंडात येतो. तो जिभेनं आणलेला नाही. चावताना सुटलेली वाफ घशाच्या मागून नाकात चढली आणि त्या रुपयाएवढ्या पडद्याला लागली. जिभेकडे फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच आहे. यातली उमामी म्हणजे सुकटाच्या किसमुराला (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीला) असते तशी भरीव चव. ती 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी वेगळी ओळखली. बाकी आपण ज्याला 'हातची चव' म्हणतो ते जवळजवळ सगळं मागच्या दारानं आलेला वास असतो.

हा प्रयोग मी दवाखान्यात रुग्णापेक्षा जास्त वेळा रुग्णाच्या नातेवाइकांना करायला लावतो. नाक धरून आमटीभाताचे चार घास खाल्ले की 'रुसली आहे' हा शब्द परत ऐकू येत नाही.

मनाचं काय, हा खरा प्रश्न. जन्मतः आपल्याला चवीबद्दल थोडंसं ठरलेलं असतं. एक दिवसाच्या बाळाच्या जिभेला गोड लावलं तर चेहरा सैल होतो, कडू लावलं तर ओठ वाकडे होतात. वासांच्या बाबतीत मात्र बहुतेक सगळं शिकलेलं असतं, आणि शिकणं पोटात असतानाच सुरू होतं. अमेरिकेत ज्युली मेनेला यांनी 2001 मध्ये दाखवलं की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा दूध पाजताना ज्या आयांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज जास्त आवडीनं घेतली. आपल्या घरातलं मूल तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या हुमणावर पहिल्याच वर्षी हात का मारतं, याचं उत्तर यातच आहे. त्याची ओळख जुनी असते.

उलट उदाहरणही गोव्यातलंच देतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्याच्या नावाची बाग पणजीत आहे, त्यानं इथल्या औषधी-मसाल्यांवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला. हिंगाबद्दल लिहिताना तो सांगतो की आपल्या नाकाला याच्याइतका वाईट वास दुसरा नाही, आणि सगळा हिंदुस्थान तर तो जेवणात आणि औषधात वापरतो. हिंग तोच, नाकाचा पडदाही तसाच. त्याच्या लहानपणी हिंगाची फोडणी नव्हती, आपल्या होती. फोडणीचा हिंग आपल्याला सांगतो की आई घरात आहे आणि जेवण अर्ध्या तासात होणार.

वासाला अर्थ देण्याचं काम मन किती करतं, याचा एक जुना दाखला 1899 चा आहे. एडविन स्लॉसन नावाच्या प्राध्यापकानं वर्गात कापसावर बाटलीतून काहीतरी ओतलं आणि सांगितलं, वास आला की हात वर करा. पुढच्या बाकांवरून हात वर होऊ लागले, मागच्या बाकांपर्यंत लाट गेली, पुढच्या रांगेतल्या काहींना तर त्रास व्हायला लागला. बाटलीत शुद्ध पाणी होतं. नंतर 2001 मध्ये रेचल हर्ट्झ यांनी एकच वास एकदा 'चीज' म्हणून आणि एकदा 'ओकारी' म्हणून हुंगायला दिला; त्याच माणसांना तोच वास एकदा चांगला आणि एकदा किळसवाणा वाटला. कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हेच तर मांडलं होतं, की संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातात नसून ज्याच्यावर ते होतं त्याच्या मनात असते. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारच्या त्यांच्या पुतळ्यावरून जाताना मला नेहमी स्लॉसनची ती बाटली आठवते.

एक गोष्ट मात्र मनानं कितीही समजावलं तरी ऐकत नाही. ती म्हणजे एखादं खाणं एकदा बाधल्यावर बसलेली शिसारी. जॉन गार्सिया यांनी 1950 च्या दशकात उंदरांवर हे दाखवलं: गोड पाणी पाजलं, मग किरणोत्सारानं त्यांना मळमळ आणली, तर उंदरांनी पुढे ते पाणी सोडलं. इतर शिकण्यासाठी अनुभवाची पुनरावृत्ती लागते, इथे एक खेप पुरते, आणि मध्ये काही तास गेले तरी शरीर दोष खाण्याच्याच माथी मारतं. मी नऊ वर्षांचा असताना बेळगावला जाताना घाटात बस लागली. निघताना बिबिंक खाल्लं होतं. दोष वळणांचा होता हे मला तेव्हाही माहीत होतं. आज पन्नाशी उलटून गेल्यावरही जायफळ घातलेलं नारळाचं गोड समोर आलं की माझा हात आपोआप थांबतो. म्हणून केमोथेरपी चालू असलेल्यांच्या घरच्यांना मी आवर्जून सांगतो: सलाइनच्या दिवशी त्यांच्या आवडीचा पदार्थ करू नका. प्रेमानं केलेला पदार्थ कायमचा नावडता होऊन बसतो.

निर्णयांवर वासाचा परिणाम होतो का, असंही ताईंनी विचारलं आहे. हॉटेलच्या लॉबीत सुगंध सोडला की गिऱ्हाईक जास्त पैसे खर्च करतं, वगैरे दाव्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. त्यातले परिणाम लहान आहेत, आणि पुन्हा प्रयोग केल्यावर बरेचदा टिकत नाहीत. वास तुम्हाला ढकलत नाही. पण रोजच्या शंभर छोट्या निर्णयांत तो साक्षीदार असतो: दूध नासलंय का, तांदळाला कुबट वास येतोय का, मुलाच्या अंगाला तापाचा वास येतोय का. साक्षीदार गेला की माणूस ठरवेनासा होतो.

हे मला एका रुग्णानं शिकवलं. सत्तरीतले काजूवाले, सत्तरी तालुक्यातले, भाटी (काजूची दारू गाळायची भट्टी) तिसऱ्या पिढीची. मार्चपासून मेपर्यंत बोंडू (काजूची फळं) मळायचे, नीरो म्हणजे रस काढायचा, आंबवायचा, पहिल्या धारेचा हुर्राक, मग पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी. ही काजू फेणी 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. 2021 साली त्यांचा वास गेला. मापं सगळी होती, ताकद मोजायचं यंत्र होतं, मदतीला मुलगा होता. पण आंबवण कधी झालं, धार कधी तोडायची, हे त्यांनी आयुष्यभर नाकानं ठरवलं होतं. मुलगा विचारायचा, "पाय (बाबा), आता काढूं?" आणि ते गप्प राहायचे. तालुकाभर ज्यांचा शब्द शेवटचा, ते माणूस भाटीवर जायचं बंद झालं. मला म्हणाले, "दोतोर, म्हजो शब्द गेलो." मी तेव्हा त्यांना नैराश्याचा रुग्ण समजून चुकीच्या टोकानं सुरुवात केली. खरं तर त्यांचा जो आत्मविश्वास गेला होता तो नाकात राहत होता. पुढे वासाचा सराव करताना आम्ही लवंग आणि लिंबाबरोबर आंबलेल्या बोंडवांचा रसही घेतला, आणि पुढच्या हंगामाच्या शेवटी ते मुलाशेजारी बसू लागले. आधीचं सगळं नाक परत आलं नाही. निम्म्याहून जास्त आलं, आणि उरलेल्यासाठी मुलाचं नाक त्यांनी तयार केलं.

आता तुमच्या आईंकडे. तीनदा न्हाण्याचं कारण मला जवळजवळ खात्रीनं वाटतं: स्वतःच्या अंगाचा वास कळत नाही, म्हणून लोकांना येत असेल अशी धास्ती. वास गेलेल्या किती बायांनी हे मला दार लावून, आवाज खाली करून सांगितलंय. देवळात गर्दीत बसायचं टाळणं त्याच धास्तीतून येतं. शिवाय तिथे धुपाचा, मोगऱ्याचा, तुपाच्या निरांजनाचा वास नसला तर तिच्या लेखी ते देऊळच राहत नाही. नातवाचंही तसंच. बाळाच्या टाळूचा वास आपण ठरवून घेत नसतो, पण त्याला उचलल्यावर जी माया दाटते तिच्यात त्या वासाचा वाटा मोठा असतो. तिला बाळ उचलल्यावर ते येत नाही, आणि आपणच कोरडे झालो असं वाटून ती दूर राहते. तिला विचारा. रागावू नका, भीती वाटते का एवढंच विचारा. चिडचिड, झोप न येणं, वजन उतरणं हे वास गेल्यावर नैराश्याबरोबर येऊ शकतं; दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोलली, तर नाकाच्या उपचाराबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडेही न्यायलाच हवं.

मीठ जास्त पडतं कारण जीभ शाबूत आहे आणि उरलेल्या चवींनी ती रिकामी जागा भरायला बघते. काहीजण साखर वाढवतात. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर हे गंभीर आहे. मिठाचं माप चमच्यानं ठरवून द्या आणि जेवणातली मजा दुसऱ्या वाटेनं आणा. मिरचीचा तिखटपणा, आल्याचा चटका, पुदिन्याचा गारवा हे चव किंवा वास नसतातच. ते चेहऱ्याच्या स्पर्श-वेदनेच्या चेतेतून जातात, आणि ती बहुधा ठीक असते. तिरफळाची जिभेवरची झिणझिणही त्याच वाटेनं जाते. ताटात कुरकुरीत, मऊ, गार, गरम असं वेगवेगळं असू द्या. खतखत्यात शेवग्याची शेंग, कणगी, मक्याचं कणीस एकत्र असतात, प्रत्येक घासाला वेगळी चावण लागते. वास नसतानाही ते खावंसं वाटतं. सोलकढीला आंबटपणा आणि मिरची असल्यामुळे तीही उपयोगी. नुसती पेज देऊ नका, ती तिला ओल्या कागदासारखी लागेल.

उपचारांविषयी थोडं सविस्तर. आधी दुर्बिणीनं नाक तपासून घ्या. सायनसची सूज किंवा पॉलिप (नाकात वाढलेले मऊ कोंब) निघाले तर औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं वास पुष्कळ परत येऊ शकतो, आणि असे रुग्ण 'वयाचं आहे' या एका वाक्यामुळे वर्षानुवर्षं तसेच राहिलेले मी पाहिले आहेत. डोक्याला मार, काही गोळ्या, थायरॉइड यांचीही चौकशी करावी लागते. एक धोक्याची खूणही सांगतो: सर्दीशिवाय हळूहळू वास गेला असेल, आणि बरोबर हाताला कंप, हालचालींत मंदपणा, झोपेत ओरडणं-हातपाय झाडणं असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, पार्किन्सनमध्ये वास कित्येक वर्षं आधी जाऊ शकतो. तुमच्या आईंचं तापानंतर एकदम झालं, म्हणजे विषाणूनं झालेली इजा असण्याची शक्यता अधिक.

अशा इजेत वासाच्या पेशी पुन्हा उगवू शकतात. शरीरात सतत नव्यानं तयार होणाऱ्या थोड्या चेतापेशींपैकी या आहेत, आणि त्यांना सराव लागतो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये याची पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, किमान 12 आठवडे. मी सहा ते नऊ महिने करायला लावतो. चार छोट्या बाटल्यांत कापसाचे बोळे ठेवून त्यावर तेलाचे थेंब घाला. लवंग कुटून घेतली तरी चालेल. बाटली नाकाजवळ धरून वीसेक सेकंद हलके हलके हुंगायचं, जोरात ओढायचं नाही. हुंगताना त्या वासाची आठवण काढायची: लिंबू तर लिंबू, पिळताना बोटाला लागलेल्या सालीसकट. मग अर्धा मिनिट विश्रांती, मग पुढची बाटली. तीन महिन्यांनी वास बदलायचे. तेव्हा मी हळदीचं पान, आमसूल, भाजलेलं खोबरं, कॉफी असे घरचे वास घेतो. बायका याला कंटाळत नाहीत, कारण त्यांत त्यांचं आयुष्य असतं. दर पंधरवड्याला तारीख घालून काय जाणवलं ते वहीत लिहा. काहीच नाही, असं लिहिलं तरी चालेल.

मध्येच एक विचित्र टप्पा येऊ शकतो. कांदा, लसूण, कॉफी, तळलेले मासे यांना जळक्या रबरासारखा किंवा सडका वास येऊ लागतो, आणि रुग्ण घाबरून सराव सोडतो. सोडू देऊ नका. बऱ्याचदा ही पेशी पुन्हा जोडल्या जात असल्याची, जोडणी अजून चुकत असल्याची खूण असते. तेवढे दिवस जेवण कोमट किंवा गार द्या, वाफ कमी म्हणजे त्रास कमी. मासे बाहेर चुलीवर तळा.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. जस्त असलेले नाकातले फवारे टाळा, त्यांनी वास कायमचा गेल्याची उदाहरणं आहेत.

आणि घरात आजच करायचं काम. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम सडक्या कोबीसारखा वास मिसळतात. तुमच्या आईला तो येणार नाही. गॅस गळतीचा अलार्म लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो खाली, जमिनीच्या जवळ बसवायचा. रात्री रेग्युलेटर बंद करायची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी ठरवा. दूध, उरलेलं हुमण, पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी मासळी यांच्या डब्यांवर तारखा चिकटवा.

स्वयंपाकघर तिच्याकडून काढून घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती. नागपंचमीला पातोळ्या तिलाच करू द्या. पीठ किती पातळ लावायचं, खोबऱ्याच्या चुनात (सारणात) गूळ किती घालायचा हे तिच्या बोटांना ठाऊक आहे. तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि हळदीच्या पानाचा वास कधी सुटला ते तिला सांगा.

तपासणीला याल तेव्हा तिच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, आणि त्या सकाळी नाकाला किंवा कपाळाला बाम लावू नका.